व्यंगचित्रकार आणि त्यांची संघटना



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काही जणांना गंमत वाटली असेल. गिरणी कामगारांची संघटना असते, शिक्षकांची असते, हमालांची असते, हे आपण समजू शकतो. पण जो माणूस चार रेघा ओढून भल्या भल्या मंत्र्यांना हास्यास्पद करून सोडतो, कोणाच्याही कळपात न शिरणे हाच ज्याचा धर्म, त्याला संघटना कशाला हवी? ही शंका रास्त आहे, आणि तिचेच उत्तर मी आज शोधणार आहे. वर्तमानपत्री व्यंगचित्रकार एकटा का असतो, त्या एकटेपणाची त्याला काय किंमत मोजावी लागते, आणि ती कमी व्हावी म्हणून त्याच्या व्यवसायबंधूंनी आजवर काय केले, एवढाच माझा विषय आहे.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. सार्वजनिक हिताच्या प्रश्नाचा चार लोकांनी एकत्र बसून विचार करावा, हा त्या प्रथेचा अर्थ. तेव्हा व्यंगचित्रकाराचे पोटपाणी हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे, हे मला आपणांस पटवून द्यावे लागेल.

ह्या बाबतीत बारामतीचे श्रोते इतरांपेक्षा अधिक जाणकार असावेत. १९६७ साली शरद पवार येथून प्रथम विधानसभेवर निवडून गेले आणि १९७८ साली मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून आपल्या गावाचे नाव महाराष्ट्रातल्या व्यंगचित्रकारांच्या दौतीत जणू कायमचे पडून राहिले आहे. गावाचे नाव चित्रात पाहून आपण कधी हसला असाल, कधी चिडलाही असाल. हसलेला आणि चिडलेला, दोघेही व्यंगचित्राचे खरे वाचक होत. ज्याने पान उलटले तो मात्र नव्हे.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा करू. मराठीत आपण 'व्यंगचित्र' हा एकच शब्द सरसकट वापरतो. पण त्यात निदान तीन प्रकार आहेत. घरगुती विसंगतीवर हसविणारे ते हास्यचित्र. माणसाच्या चेहऱ्याचा अर्क काढणारे ते अर्कचित्र. आणि राज्यकर्त्यांच्या करणीवर बोट ठेवणारे ते राजकीय टीकाचित्र. पहिल्या प्रकाराला दिवाळी अंकात घर मिळते. दुसऱ्याला भिंतीवर मिळते. तिसऱ्याचे घर म्हणजे दैनिक वर्तमानपत्र, आणि ते घर त्याच्या मालकीचे नसते. सगळ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

ही कला आपल्याकडे आली ती इंग्रजी 'पंच'च्या वाटेने. १८५४ साली मुंबईत 'पारसी पंच' निघाला, आणि पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. ठाण्याहून 'हिंदु पंच' निघत असे. ह्या पत्रांतून परक्या सरकारची आणि आपल्या पुढाऱ्यांचीही टवाळी होत असे. परंतु मराठी घराघरांत व्यंगचित्र पोहोचविण्याचे श्रेय द्यायचे तर ते शंकर वासुदेव किर्लोस्करांना द्यावे लागेल. १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे ते संपादक, हाडाचे चित्रकार. 'टाकांच्या फेकी' ह्या नावाने त्यांनी काढलेली चित्रे रूढी, बुवाबाजी आणि ढोंग यांच्यावर नेमकी जाऊन बसत. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, संपादक आणि चित्रकार येथे एकच माणूस होता. त्याचे चित्र नाकारणारा दुसरा कोणी नव्हता. हे भाग्य पुढच्या पिढीच्या वाट्यास फारसे आले नाही.

पुढच्या पिढीचे काय झाले ते पाहण्यासाठी मुंबईच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊ. १९४० नंतरच्या दशकात 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये दोन तरुण व्यंगचित्रकार काम करीत होते. एक म्हैसूरहून आलेले आर. के. लक्ष्मण, दुसरे बाळ ठाकरे. एकाच कचेरीने देशाला हे दोन चित्रकार दिले, हे खरोखर नवल आहे. दोघेही तेथे टिकले नाहीत, हे त्याहून विचार करण्याजोगे आहे. कम्युनिस्टांची टर उडवू नका, असे मालकांकडून सांगण्यात आले, तेव्हा लक्ष्मण बाहेर पडले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त गेले. तेथे १९५१ पासून त्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस रोज हजेरी लावू लागला. ठाकरे यांचेही पुढे त्या पत्राशी पटेनासे झाले. त्यांनी ती नोकरी सोडली आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे स्वतःचे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. त्याचे प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्यावर ठाकरे यांनी कुंचला चालविला होता तेच हे चव्हाण. ज्याच्यावर कुंचला चालविला त्याने येऊन शुभेच्छा द्याव्यात, ही महाराष्ट्राची त्या काळची रीत.

ह्या दोघांची पुढची चरित्रे आपणांस ठाऊक आहेत. त्यांच्या राजकारणाची वा मोठेपणाची चर्चा हा आजचा विषय नाही. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की, मालकाशी मतभेद झाला तेव्हा दोघांच्याही मागे उभी राहील अशी एकही संस्था नव्हती. एकाला दुसरा मोठा मालक मिळाला. दुसरा स्वतःच मालक झाला. ज्याला हे दोन्ही जमले नसते, तो काय करता?

तो जे करतो ते आपण मराठीत पुष्कळ पाहिले आहे. तो दुसरी नोकरी करतो आणि रात्री चित्रे काढतो. वसंत सरवटे हे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली, 'ललित' मासिकातल्या 'ठणठणपाळ'ची त्यांची चित्रे मराठी वाङ्मयाचा भाग होऊन बसली आहेत. हे सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंते, ए. सी. सी. ह्या सिमेंट कंपनीत त्यांची नोकरी. त्यांच्या रेषेला पोट भरण्याची सक्ती नव्हती, म्हणून ती कोणापुढे वाकली नाही, असे म्हणता येईल. परंतु जिच्यात एवढ्या तोलाचा माणूस आहे त्या कलेने त्याचा चरितार्थ चालू नये, हा त्या कलेचा गौरव की समाजाची उणीव?

आणखी एक आसरा होता, तो दिवाळी अंकांचा. मडगावला जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. शि. द. फडणिसांनी पन्नाशीच्या दशकापासून 'मोहिनी'ची मुखपृष्ठे अशी रंगविली की, एक अक्षरही न लिहिता ती सबंध महाराष्ट्राला हसवू लागली. हा आसरा मोलाचा होता आणि आहे. पण तो वर्षातून एकदा फुलणारा. शिवाय दिवाळी अंकात राजकीय टीकाचित्राला धार राहत नाही, कारण आषाढात काढलेले चित्र कार्तिकात छापून येते. तोवर मंत्रिमंडळ बदललेले असते!

अशा रीतीने मराठी व्यंगचित्रकाराला चार आसरे मिळाले: दुसऱ्याचे वर्तमानपत्र, स्वतःचे नियतकालिक, दुसरी नोकरी, आणि दिवाळी अंक. चारही आसरे वैयक्तिक. ज्याचा त्याने शोधावयाचा. पाचवा आसरा, जो सर्वांनी मिळून उभारावयाचा, तो म्हणजे संघटना. तो सर्वांत शेवटी आला.

ह्या भागातील श्रोत्यांना संघटनेची आवश्यकता समजावून सांगण्यासाठी मला मुंबई-दिल्लीचे दाखले देण्याची गरज नाही. नीरेच्या डाव्या कालव्याने पाणी आले आणि येथे ऊस उभा राहिला. ऊस पिकविणाऱ्याची खरी अडचण कोणती? तुटलेला ऊस थांबत नाही. तासागणिक त्याचे वजन घटते, साखर घटते. बांधावर मोळ्या पडल्या असताना शेतकऱ्याला भाव करीत बसता येत नाही. जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो. एकट्या शेतकऱ्याचे हे दुबळेपण ओळखून १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि नंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकाराची धुराडी दिसू लागली. सहकारात पुढे काय काय शिरले ते आपण माझ्याहून अधिक जाणता. परंतु मूळ विचार खोटा नव्हता.

व्यंगचित्र हे तुटलेल्या उसासारखे आहे. सकाळच्या बातमीवरचे चित्र संध्याकाळपर्यंत संपादकाच्या टेबलावर पडले पाहिजे. तेथे ते नापसंत झाले तर उद्या दुसऱ्या पत्राला ते विकता येत नाही, कारण उद्या बातमी शिळी झालेली असते. म्हणजे भाव करण्याच्या क्षणी चित्रकार नेहमीच अडलेला असतो. कथालेखक आपली कथा सहा महिने पेटीत ठेवू शकतो; टीकाचित्रकाराला सहा तासही नाहीत. म्हणूनच ह्या एकांड्या माणसाला, इतर कलावंतांपेक्षाही अधिक, संघटनेची गरज आहे.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने ही गरज काही अंशी लवकरच ओळखली. १९५० साली श्रमिक पत्रकारांचा अखिल भारतीय महासंघ दिल्लीत स्थापन झाला. १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमण्यात आला, आणि त्यामागोमाग १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. त्या कायद्याने श्रमिक पत्रकार कोण, याची यादी दिली. तीत संपादक, अग्रलेखक, उपसंपादक, बातमीदार यांच्याबरोबर व्यंगचित्रकार हा शब्द स्पष्टपणे घातलेला आहे. ही लहान गोष्ट नव्हे. व्यंगचित्रकार हा पानाची शोभा वाढविणारा गडी नसून पत्रकार आहे, असे संसदेने मान्य केले. कामाचे तास, रजा, नोकरीवरून काढताना द्यावयाची नोटीस आणि वेतनमंडळाने ठरविलेला पगार, हे सर्व त्याला लागू झाले. २०२० साली झालेल्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला.

परंतु हा कायदा मुख्यतः नोकरीत असलेल्यांच्या उपयोगाचा. आपल्याकडे मोठ्या दैनिकांतून कायम नेमणुकीचे व्यंगचित्रकार बोटांवर मोजण्याइतके, आणि बाकीचे सारे चित्रागणिक मानधन घेणारे. त्यांच्या उपयोगाचा दुसरा कायदा १९५७ सालचा, लेखाधिकाराचा. आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो तो. त्यातले एक कलम प्रत्येक चित्रकाराने पाठ करून ठेवावे असे आहे. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा, वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा. बाकी सर्व बाबतींत तो चित्रकाराचा. उलट करार केला नसेल तर, अर्थात. आणि जो नोकरीत नाही, बाहेरून चित्र देतो, त्याच्या चित्राचा हक्क त्याने लेखी दिल्यावाचून जात नाही. लेखी दिला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. हक्क विकल्यानंतरदेखील चित्राखालचे आपले नाव सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो.

ह्या कलमांचे मोल कळावे म्हणून एक सुखद उदाहरण देतो. १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये 'चिंटू' नावाचा एक लहान मुलगा रोज येऊ लागला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर हे त्याचे जनक. तो मुलगा पुढे वर्तमानपत्राच्या चौकटीतून पुस्तकांत गेला, २०१२ साली चित्रपटातही गेला. व्यंगचित्रातले पात्र असे वर्तमानपत्राबाहेर हिंडूफिरू लागले की, त्याचा पालक कोण हा प्रश्न लाखमोलाचा होतो. तो प्रश्न पहिल्या चित्राच्या दिवशीच कागदावर सोडविलेला असावा लागतो; आणि पहिले चित्र छापून येण्याच्या आनंदात असलेला तरुण तो कधीच सोडवीत नाही. त्याला कोणीतरी वडीलकीने सांगावे लागते. घरात वडील नसतील, तर ते काम संघटनेचे.

आता इतरांनी संघटना कशा बांधल्या ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९४६ साली व्यंगचित्रकारांची राष्ट्रीय संस्था निघाली. तिचे मूळ मोठे हृद्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांची करमणूक करण्यासाठी काही चित्रकार मिळून इस्पितळांतून जात असत. त्या सोबतीतून संस्था जन्मली. पण तिच्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. हिल्डा टेरी नावाच्या चित्रकर्तीने पत्र लिहून ह्या नियमाला हरकत घेतली आणि १९५० साली ते दार उघडले. जगाच्या अन्यायावर हसणारे लोकही स्वतःच्या घरातला अन्याय पाहण्यास कसे चुकतात, त्याचा हा नमुना. १९५७ साली तेथेच जॉन स्टॅम्पोन यांच्या पुढाकाराने केवळ अग्रलेखाच्या पानावरील व्यंगचित्रकारांची वेगळी संघटना झाली. कारण राजकीय व्यंगचित्राला उतरती कळा लागली, असा एका साप्ताहिकातला लेख त्यांना झोंबला होता. म्हणजे दुसऱ्यांना आयुष्यभर झोंबणारे लोक, स्वतःला झोंबले तेव्हा एकत्र आले! १९६० साली ब्रिटनमध्ये असाच क्लब निघाला. आपल्या देशात केरळने १९८२ साली व्यंगचित्रकारांची अकादमी स्थापन केली. बंगळूरला २००१ साली भारतीय व्यंगचित्रकार संस्था निघाली आणि तिने पुढे व्यंगचित्रांसाठी स्वतंत्र कलादालन उभारले.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात 'कार्टूनिस्ट्स कंबाइन' ही संस्था उभी राहिली. नाव इंग्रजी आहे, पण माणसे मराठी. नाटकवाल्यांच्या कंपूला कंपनी म्हणत, तसे हे कंबाइन. दैनिकांत रोज चित्र देणारे, दिवाळी अंकांतून हसविणारे, बँकेत वा सरकारी कचेरीत नोकरी सांभाळून छंद म्हणून रेघा ओढणारे, असे सारे तिच्या छत्राखाली आले. संमेलने भरली, प्रदर्शने झाली. ५ मे हा दिवस व्यंगचित्रकारांचा म्हणून पाळला जाऊ लागला. १८९५ साली त्या तारखेला अमेरिकेतील एका दैनिकात 'यलो किड' हे बालपात्र अवतरले, त्याची ही आठवण. जिल्ह्याच्या गावी राहून एकट्याने धडपडणाऱ्या पोराला त्या मंडपात आपली जात भेटली. आपण लहरी नाही, आपल्यासारखे आणखी शे-दोनशे आहेत, हे कळणे कलावंताला भाकरीइतकेच आवश्यक असते.

संमेलनाचे हे मोल मी कमी लेखीत नाही. तरी एक गोष्ट बोलावीशी वाटते. संमेलन म्हणजे संघटना नव्हे. संमेलनात सत्कार होतात. संघटनेत मानधनाचा दर ठरतो. संमेलनात आठवणी निघतात. संघटनेत कराराचा नमुना छापून तरुणाच्या हाती दिला जातो. शिवाय संमेलनाला मांडव लागतो, जेवणावळ लागते, आणि मांडवाचा खर्च देणारा कोण? बहुधा गावातला वजनदार पुढारी. म्हणजे ज्याच्यावर उद्या चित्र काढावयाचे त्याच्याच पंगतीत आज बसावयाचे. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. मराठीतल्या साऱ्याच संमेलनांची ही अडचण आहे. पण व्यंगचित्रकाराला ती अधिक बाधते, कारण त्याच्याजवळ विकण्यासारखी वस्तू एकच असते, तिचे नाव निर्भीडपणा.

संघटनेची खरी कसोटी लागते ती चित्रकार संकटात सापडतो तेव्हा. २०१२ हे वर्ष ह्या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात असीम त्रिवेदी नावाच्या तरुण व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. एका वकिलाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि काही दिवसांतच तो तरुण जामिनावर सुटला. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ह्या प्रकरणी जो निकाल दिला, त्यात एक मोठे मार्मिक मत आहे. त्याचा आशय असा की, ह्या चित्रांत विनोद वा उपरोध दिसत नाही, नुसता संताप आहे. पण तेवढ्याने त्याचे भाषणस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. बंधुभगिनींनो, हे नीट ध्यानात घ्या. कायदा केवळ उत्तम विनोदाचे रक्षण करीत नाही. फसलेल्या विनोदाचेही करतो. आणि तसे केले नाही तर उत्तम विनोदही शिल्लक राहणार नाही, कारण कोणता साधला आणि कोणता फसला हे मग पोलिसचौकीवर ठरू लागेल.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसरी घटना घडली. शंकर यांनी १९४९ साली काढलेले, राज्यघटनेच्या कामाची गती गोगलगायीच्या रूपाने दाखविणारे चित्र राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात होते. त्यात डॉ. आंबेडकर गोगलगायीवर बसलेले आणि मागे नेहरू चाबूक घेतलेले. संसदेत गदारोळ झाला. पाठ्यपुस्तकाचे एक सल्लागार प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. हा प्रसंग पहिल्यापेक्षा अवघड आहे. हातात चाबूक आणि पुढे आंबेडकर, हे दृश्य पाहून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचे चाबूक आठवले, त्यांची वेदना खोटी होती असे मी म्हणणार नाही. खुर्च्या मोडणे हे त्या वेदनेचे उत्तर होते, असेही म्हणणार नाही. मला म्हणावयाचे आहे ते हे की, अशा वेळी चित्रकारांच्या संघटनेने दोन्ही बाजूंस बोलले पाहिजे. समाजाला सांगावे की चित्र कसे वाचावे. आणि आपल्या सभासदांना सांगावे की कोणाच्या पाठीवर काय उमटलेले आहे हे पाहून मग टाक उचला. सत्ताधाऱ्यावर हसणे आणि दुबळ्यावर हसणे यांत फरक आहे. तो फरक पोलिसाने शिकवू नये, जमावानेही शिकवू नये. व्यवसायबंधूंनी एकमेकांस शिकवावा.

महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी कायदा केला, आणि त्यातही व्यंगचित्रकाराचा समावेश आहे. कायदा झाला, ठीक झाले. पण तक्रार गुदरण्यासाठी ठाण्यावर जाताना त्याच्या सोबत कोण जाणार, हा प्रश्न कायदा सोडवीत नाही.

आता आजच्या स्थितीकडे वळतो. जगभर वर्तमानपत्रांची पाने रोडावत आहेत, आणि पान रोडावले की पहिली कात्री बहुधा चित्रावर चालते. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या बलाढ्य पत्राने २०१९ साली, एका चित्रावरून वादळ उठल्यानंतर, आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतील दैनंदिन राजकीय व्यंगचित्रच बंद करून टाकले. जेथे इतकी जुनी संघटना आहे तेथे ही कथा, तर आपल्याकडे काय सांगावे! दुसरीकडे हातातल्या मोबाइलवर व्यंगचित्रांचा पूर आला आहे. चित्र लाखो लोक पाहतात, पण चित्रकाराच्या हाती दमडी पडत नाही. पुष्कळदा तर खालची सही कापून चित्र पुढे धाडले जाते. ज्या सहीसाठी कायद्याने कलम लिहिले, ती आपण अंगठ्याच्या एका फटकाऱ्याने पुसतो. हे काम कोणी पुढारी वा मालक करीत नाही. आपण वाचक करतो.

येथे माझ्या विषयाचा शेवटचा धागा हाती येतो. संघटनेचे दोन पाय असतात. एक व्यवसायबंधूंचा, दुसरा गिऱ्हाइकांचा. साखर कारखान्यात नुसते ऊस घालणारे सभासद असून भागत नाही, साखर घेणाराही लागतो. फरक असा की साखर सगळी सारखी, आणि चित्र ज्याचे त्याचे निराळे. म्हणून संघटनेने भाव ठरवावा, करार ठरवावा, वकील द्यावा. पण रेषा ठरवू नये. रेषेवर नजर ठेवण्याचे काम वाचकांचे. उत्तम चित्राला पत्र लिहून दाद देणारा आणि हीन चित्राला पत्र लिहूनच फटकारणारा वाचक ज्या गावात आहे, तेथे व्यंगचित्रकार एकटा राहत नाही.

बारामती आणि इंदापूर ही काही वाङ्मयाला परकी ठिकाणे नव्हेत. बारामतीत मोरोपंतांनी आपली आर्या घडविली. आज ह्या दोन तालुक्यांतून साप्ताहिके निघतात, दिवाळी अंक निघतात. त्यांच्या चालकांना माझी विनंती अशी: आपल्या अंकात महिन्याला एक तरी व्यंगचित्र गावातल्या मुलाचे वा मुलीचे छापा, आणि त्याचे मानधन द्या. रक्कम लहान असो, पण ती पावती करून द्या; कारण पावती मिळाली की छंदाचा व्यवसाय होतो. विषयांना तोटा नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांना पाणी का पोहोचत नाही, हा इंदापूरकरांचा जुना प्रश्न दहा अग्रलेखांनी सांगून झाला असेल. एखादी कोरडी चारी आणि तिच्या काठी वाट पाहत बसलेला बगळा असे चित्र तो एका दृष्टिक्षेपात सांगेल. मंत्र्याची टर उडविणारे चित्र मुंबईत निघेल. सरपंचाची, कारखान्याच्या संचालकाची, नगरपालिकेच्या गटाराची टर उडविणारे चित्र येथेच निघावे लागेल. आणि ते काढणे मुंबईतल्यापेक्षा अवघड आहे, कारण येथे ज्याचे चित्र काढले तो संध्याकाळी पारावर भेटतो.

वाचनालयांच्या चालकांनाही एक सांगणे आहे. आपल्या कपाटांत 'किर्लोस्कर', 'मोहिनी', 'मार्मिक' यांचे जुने अंक असतील तर ते रद्दीत घालू नका. वर्तमानपत्री चित्राचे आयुष्य एका दिवसाचे, आणि मूळ चित्रे बहुतेक हरवलेली. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात २००१ साली लक्ष्मणांच्या सामान्य माणसाचा पुतळा बसविण्यात आला, ही आनंदाची गोष्ट. परंतु पुतळ्यापेक्षा बांधीव अंक अधिक उपयोगी, कारण त्यांवरून पुढच्या पिढीचा हात वळतो.

आरंभी आपण विचारले होते की कळपात न शिरणाऱ्याला संघटना कशाला हवी. माझे उत्तर असे आहे. त्याने कळपात शिरू नये, म्हणूनच ती हवी. ज्याच्या मागे कोणी नाही तो अखेर कोणाच्या तरी आश्रयाला जातो: मालकाच्या, पक्षाच्या, किंवा गप्प बसण्याच्या. ज्याला उद्याच्या भाकरीची आणि परवाच्या वकिलाची चिंता नाही, त्यालाच आज एकट्याने उभे राहून चित्र काढता येते. मराठी व्यंगचित्रकारांनी आपले संमेलन भरविले, आता त्याची संघटना करावी. आणि आपण वाचकांनी निदान त्याची सही पुसू नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.